आतून लावलेल्या तीन फळ्या

२०२३ साल होतं. मी एकाहत्तर वर्षांचा होतो, आणि त्या चैतात मी एका नावेत अडकलो. नाव पाण्यात नव्हती. कामठ्याच्या रस्त्याला लागून एका शेतात, धानाच्या खळ्यावर, लोखंडी घोड्यांवर उभी होती. जवळचं तळं तिथून कोसभर. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्याला हसायचं असेल त्याने आत्ताच हसून घ्यावं.

मी जन्मभर डोंगे केले. तळ्यात मासे धरायला जी लाकडी नाव लागते तिला आमच्याकडे डोंगा म्हणतात. माझा बाप एकाच खोडाचा कोरून करायचा. तसली खोडं राहिली नाहीत, तेव्हा मी फळ्या जोडून करायला लागलो. शाळा चौथीपर्यंत, तीही धड नाही. पण फळीला फळी बसवली की मध्ये केस जाणार नाही. नवा डोंगा झाला की आम्ही तो चालवत नाही, आधी बुडवतो. दगड भरून दोन दिवस तळ्यात ठेवतो. लाकूड पाणी पितं, फुगतं, फटी आपोआप मिटतात. मग दगड काढायचे, पाणी उपसायचं, की झालं. हे मला कोणी पुस्तकातून शिकवलं नाही.

मग मासेमारीच्या सोसायटीला फायबरच्या नावा मिळाल्या. हलक्या. ना डांबर, ना बुडवणं. चार वर्षांत माझ्या घराकडे येणारी वाट गवताने बुजली. माझा स्वतःचा शेवटचा डोंगा तळ्याच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, पालथा पडून वाळत गेला. फायबरचं नाव निघालं की मी थुंकायचो.

आणि काम आलं ते फायबरचंच. एक माणूस जन्मभर मोठ्या जहाजांवर नोकरी करून गावी परतला होता. म्हातारी आई अंथरुणाला, तिला सोडून त्याला समुद्राकाठी राहता येईना. म्हणून किनाऱ्यावर विकत घेतलेली जुनी शिडाची नाव त्याने ट्रेलरवर घालून थेट बापाच्या खळ्यावर आणून उभी केली. इथे दुरुस्त करायची, मग परत समुद्रावर न्यायची. लोक बघायला यायचे आणि विचारायचे, "साहेब, इथं पूर येनार हाय काय?" मीही त्याला साहेबच म्हणायचो. तो मला काका म्हणायचा.

"काका, आतलं लाकूडकाम तुम्ही करायचं."

"मी फायबरले हात नाही लावत."

"फायबरला नका लावू. लाकडाला लावा."

मी हो म्हटलं. घरी बसून बसून हात सुन्न झाले होते, हे एक. दुसरं पोराचं होतं. माझा पोरगा नागपूरला असतो, चौथ्या माळ्यावर. आदल्या वर्षी ओंडका हलवताना माझा पाय खाली सापडला आणि तीन माणसांनी मला ओढून काढलं. त्या दिवशी पोराने शब्द घेतला. "बा, आता यापुढं एक बखत जरी तुम्हाले कोनाले काढा लागलं, तं हत्यार बंद. तुम्ही न माय नागपूरले चला." मी म्हटलं, "कबूल." मी दिलेला शब्द मोडत नाही, हे त्याला माहीत आहे. म्हणूनच घेतला. नावेच्या आतल्या कामात ओंडके नव्हते, सापडायची भीती नव्हती.

आता ती नाव कशी होती ते सांगतो, कारण पुढे सगळं त्यावरच आहे.

सव्वीस फूट लांब. अंगात एक बरगडी नाही. काचेच्या धाग्याचं कापड, ज्याला ते मॅट म्हणतात, त्यावर रेझिन, म्हणजे वाळून दगड होणारी राळ, ओतून थरावर थर दिलेला. खाली अंगठ्याएवढी जाड, वर पातळ. पोटाखाली माशाच्या परासारखं एक मोठं पातं आणि त्यात शिसं भरलेलं, सगळ्या नावेच्या वजनाचा बराचसा भाग तिथंच. साहेब म्हणायचा, नाव वाऱ्याने आडवी झाली तरी ते शिसं तिला परत उभी करतं. मागे बसायला हौद, आणि हौदाला दोन भोकं. लाट आत आली की पाणी त्या भोकांतून आपलं आपण निघून जातं. हौदातून आत खोलीत उतरायला दार. पण दार म्हणजे आपल्यासारखं नाही. उंबरठा गुडघ्याच्या वर, दोन्ही बाजूंना उभी खाच, आणि त्या खाचेत वरून एकेक आडवी फळी सोडायची. तीन फळ्या सोडल्या की त्यांच्यावर छतातलं सरकतं झाकण ओढून घ्यायचं. आत दोन अरुंद पलंग, झोपलेला माणूस पडू नये म्हणून कडेला पाट. शेगडीसुद्धा दोन खिळ्यांवर झुलती, नाव कलली तरी भांडं सरळ. खिडक्या जाड, न फुटणाऱ्या प्लास्टिकच्या, पक्क्या बसवलेल्या, वीतभर उंच. डोकं निघेल, खांदे नाहीत.

पुढच्या टोकाला छतात आणखी एक चौकोनी झाकण होतं. ते गळायचं. साहेबाने त्याचं रबर मागवलं होतं. मी म्हटलं, "डोंग्याले भोक नसते साहेब."

"ते भोक नाही काका, बाहेर पडायचा दुसरा रस्ता आहे. मागचा बंद झाला तर पुढून निघायचं."

"ज्याले मागचं दार नीट करता येत नाही त्याले पुढचं लागते."

आणि एक दिवस तो आईला घेऊन गोंदियाला दवाखान्यात गेला, तेव्हा मी ते झाकण मॅट आणि रेझिन लावून आतून-बाहेरून बंद करून टाकलं. रेझिन घट्ट व्हायला त्यात हार्डनर किती टाकायचं ते मी नुसतं बघून शिकलो होतो. साहेब आला, बघितलं, डोक्याला हात लावला. मग म्हणाला, "रबर येऊ द्या, मग उघडू." मी मनात म्हटलं, उघड बरं.

दाराच्या फळ्या किनाऱ्यावरच हरवल्या होत्या. त्या मी माझ्या पाळीवरच्या डोंग्यातून काढल्या. बिजाचं लाकूड, वडिलांच्या वेळचं. चार वर्षं उन्हात पडलेलं, पण एक कीड नाही. तीन फळ्या अशा तासल्या की लाकडी मोगरीने ठोकून खाचेत बसवाव्या लागत. वरच्या फळीच्या कडेला एक पट्टी उभी ठेवली आणि ती सरकत्या झाकणाच्या पोटातल्या खाचेत बसवली, म्हणजे पावसाचा थेंब त्या सांध्यातून आत जाणार नाही. आयुष्यात मी याहून चांगला सांधा केला नाही. हे मी आजही म्हणेन.

उरलं फुगवणं. नाव तळ्यात बुडवणं शक्य नव्हतं. म्हणून मी राईस मिलची पोती आणली, भिजवली आणि फळ्यांच्या बाहेरून लोंबतील अशी बांधली. काही दिवस फळ्या अशाच ओल्या ठेवायच्या होत्या. बायकोला सांगून ठेवलं होतं की दिवसातून तीन वेळा पोत्यांवर पाणी ओतायचं. आमचं घर तिथून हाकेवर. एकदा तिची वेळ चुकली तेव्हा मी बराच ओरडलो होतो.

त्या दिवशी साहेब पुन्हा आईला घेऊन गोंदियाला गेला होता. सकाळी मी फळ्या उन्हात तासाभर ठेवून कडा पुन्हा साफ केल्या. मग फट राहिली का ते बघायचं होतं. आमची रीत अशी की आत बसायचं, अंधार करायचा आणि उजेड कुठून येतो ते बघायचं. बाहेर पोती पाण्याने निथळत होती. मी आत उतरलो, खिडक्यांवर गोणपाट लावलं, तिन्ही फळ्या आतून ठोकून बसवल्या, झाकण ओढलं आणि पलंगावर पडून बघत राहिलो. दोऱ्यासारख्या चार रेघा उजेडाच्या दिसत होत्या. त्यातली एक बारीक झाली. मग दिसेनाशी झाली. मला फार बरं वाटलं. नाव सकाळी थंड होती. डोळा लागला.

जाग आली तेव्हा चारही रेघा गेल्या होत्या आणि घामाने माझी पाठ पलंगाला चिकटली होती.

झाकण ढकललं. हललं नाही. खांदा लावला. नाही. वरची फळी मोगरीने खालून ठोकली. जशी भिंत. तेव्हा डोक्यात आलं. डोंग्यात फळीला फळी भिडते. दोघी फुगतात, दोघी थोडी थोडी जागा देतात. इथे फळी फुगली, पण फायबर एका केसानेही सरकत नाही. फळ्या खाचेत जाड झाल्या होत्या, उंचीनेही वाढल्या होत्या, आणि वरची ती पट्टी झाकणाच्या खाचेत पाचर मारल्यासारखी रुतली होती. जेवढी चांगली बसवली होती तेवढी घट्ट.

पुढचं झाकण मीच बुजवलं होतं. लाकूड तासायचा वासला आणि आरी मागे हौदातल्या पेटीत होती, त्या पेटीचं कुलूप बाहेरून, किल्ली माझ्या खिशात. आत एक पटाशी, एक मोगरी आणि मी.

फोन होता. पण फोनमध्ये मला लावता येत होते ते दोनच नंबर, एक पोराचा, एक साहेबाचा. लावला की झालं. कोणीतरी येणार, मला काढणार. आणि मग तो चौथा माळा.

मी ठरवलं, वाट पाहायची. पोती वाळतील, उन्हाने लाकूड आटेल, फळ्या आपल्या आपण सैल होतील. लाकडाने धरलं, लाकूडच सोडेल. मी पलंगावर बसून राहिलो. उभं राहिलं तर डोकं छताला लागायचं, आणि छत तव्यासारखं तापलं होतं. फायबरचा वास त्या उन्हात सुटतो, डोळ्यांत जातो. दोन पावलं पुढे जायचो, दोन मागे. लांबून एक ट्रॅक्टर गेला. मी हाक मारली नाही.

फोन वाजला. पोराचा.

"बा, कुठं हा?"

"कामावर."

"आवाज घुमून राहिला तुमचा."

"नावेच्या आत हाय."

"मी पाच वाजेपर्यंत येतो. साहेबालेही भेटतो. जेवले काय?"

"जेवतो," म्हटलं आणि बंद केला.

थोड्या वेळाने शिडीवर पावलं वाजली. बायको डबा घेऊन हौदात चढून आली. तिचं लुगडं माझ्या नाकापासून हातभर अंतरावर असेल. मध्ये ती फळी.

"अजी! जेवाले या. सुकटीची भाजी हाय."

"ठेव तिथंच. काम करून राहिलो."

डबा ठेवल्याचा आवाज आला. आणि मग पाणी ओतल्याचा.

"अवं, काय करून राहिली?"

"पोत्यावर पानी टाकून राहिली."

"नको टाकू!"

"काऊन? तुम्हीच तं सांगतलं, दिवसातून तीन बखत. परवा चुकलं तं केवढे बोंबलले."

"आता पुरे झालं."

"पुरे कसं झालं? हे तं वाळून राहिले." आणि तिने दुसरी बादली ओतली. पोत्यातून पाणी फळीवर उतरल्याचं मला आतून ऐकू आलं. सकाळपासून जे काही आटलं असेल ते परत भरलं. अजून बोललो असतो तर अडकलोय हे सांगावं लागलं असतं.

तिने रिकामी बादली खाली ठेवली.

"भाजी थंडी होईल. या न बाहेर."

"येतो."

"या मंग."

मी झाकणाला पुन्हा खांदा लावला. ते कुरकुरलंही नाही.

"फसले काय?"

सत्तेचाळीस वर्षांच्या संसारात तिने मला हे कधी विचारलं नव्हतं. मी फळीला कपाळ लावलं. फळी ओली होती. तेवढंच थंड होतं आतमध्ये.

"हो," म्हटलं.

ती हसली नाही. पोती ओढून खाली टाकल्याचा आवाज आला. मग तिने तळव्याने फळी ठोकून पाहिली, झाकणाला जोर लावला, बोटं घालायला फट शोधली. फट नव्हती. मी ठेवलीच नव्हती.

"पोराले फोन लावा."

"नाही."

"साहेबाले लावा."

"नाही."

"मंग मरा तिथंच," ती म्हणाली. पण गेली नाही. "पानी तरी देतो कसं? कुठून जाईन?"

छतावर एक वाकड्या मानेचं नळकांडं होतं, वारा आत यायला. मी सांगितलं त्यात ओत, आणि आत त्याच्या तोंडाखाली ओंजळ धरून उभा राहिलो. एक थेंब आला नाही.

"आलं काय?"

"नाही."

"अर्धा गडवा टाकला न मी!"

तेव्हा मला आठवलं. साहेबाने ते मला मोठ्या कौतुकाने दाखवलं होतं. आत एक पेटी असते, लाटेचं पाणी तिच्यात पडून बाहेर वाहून जातं आणि नुसता वारा आत येतो. "ते तसंच बनवलं हाय," मी म्हटलं. "हवा आत, पानी बाहेर."

"कोनं बनवलं?"

"हुशार मानूस असंन."

"तो नाही फसला वाटते."

मला हसू यायला हवं होतं. घाम थांबला होता माझा. हे मला थोड्या वेळाने कळलं. कातडी कोरडी आणि गरम. असं उन्हात पडलेल्या बैलाचं होतं, आणि तो बैल उठत नाही. मी पटाशी हातात घेतली आणि परत खाली ठेवली. वरच्या फळीत पट्टीच्या खाली पटाशी घालून चीर पाडली असती, तर पट्टी सुटली असती आणि झाकण सरकलं असतं. हे मला जाग आली तेव्हाच कळलं होतं. पण ती फळी. तो सांधा. तो लोकांनी बघावा म्हणून मी केला होता. साहेब समुद्रावर नेणार होता तो. माझं एवढंच समुद्रावर जाणार होतं.

"अजी," ती फळीच्या पलीकडून म्हणाली. आवाज खाली आला होता. बहुतेक टेकून बसली होती. "तुम्ही आत मेले तं तुमचं सुटलं. मले पोरगा नागपूरले नेईन. त्या चौथ्या माळ्यावर. एकटीले."

"तुले आवडते न तिथं. पोरगा हाय, नातू हाय."

"कोनं सांगतलं तुम्हाले? मले नाही जायचं."

मी तिला कधी विचारलंच नव्हतं. शब्द दिला तेव्हाही नाही. मी आपला मला वाचवत होतो इतके दिवस, ती माझ्यामागे पोत्यांवर पाणी ओतत होती.

मी पटाशी उचलली. पहिला घाव बसला तेव्हा बिजाचं लाकूड टणत्कार करून बोललं. सुकं असतं तर लवकर चिरलं असतं. ओलं होतं, चिवट होतं, पटाशीला धरून ठेवत होतं. किती वेळ लागला सांगता येत नाही. मधेच बसावं लागलं. बायको बाहेरून म्हणत होती, "हं. अजून. हं." जशी बैलाला म्हणतात. मग फळी आडवी चिरली, पट्टीचा तुकडा माझ्या पायावर पडला, झाकणाला खांदा लावला आणि ते सरकलं. एवढा उजेड मी कधी बघितला नाही. तिने गडवा माझ्या तोंडाला लावला आणि एका हाताने माझी मान धरली, अंगावर पाणी ओतलं. आधी डोक्यावर नाही, पायावर. ऊन लागलेल्याला तसंच थंड करतात, ते तिला माहीत होतं.

साडेपाचला पोरगा आणि साहेब एकदमच आले. मी चिंचेखाली बसलो होतो. पोराने माझ्याकडे बघितलं, मग नावेवर चढला. खाली आला तेव्हा त्याच्या हातात तो तुकडा होता. लहानपणी तो माझ्याजवळच बसायचा, त्याला कळतं. अंगठा फिरवून म्हणाला, "आतून मारली पटासी."

मी गडव्यातलं पाणी प्यायलो.

"कोनं काढलं तुम्हाले?"

बायको भांडी विसळत होती, मान वर न करता म्हणाली, "कोनी नाही. कोनी हात नाही लावला. आपल्या हातानं निघाले."

पोराने तिच्याकडे बघितलं. मग तुकडा माझ्याजवळ ठेवला. "तं ठीक हाय," म्हणाला. "शब्द तं शब्द."

साहेबाने चिरलेली फळी बघितली, खाचेत बोट घातलं. मी त्याच्या आधी बोललो. "खाच दोन सूत मोकळी पाहिजे होती. मी चुकलो." एवढं बोलणं मला आत काढलेल्या दिवसाहून जड गेलं.

तो म्हणाला, "आणि पुढचं झाकण, काका?"

"उद्या," मी म्हटलं.

ती खोटं बोलली का खरं, हे मी अजून ठरवलेलं नाही. हात कोणी लावला नाही हे खरं. पण मला काढलं तिनेच, तेही मला माहीत आहे. पोराला मी हे सांगितलं नाही. तिनेही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन यायच्या आत मी आरी घेऊन नावेच्या पुढच्या टोकावर बसलो आणि मी लावलेलं मॅट कडेकडेने कापून काढलं. झाकण उघडलं. मग आत गेलो आणि त्यातून बाहेर निघून पाहिलं. खांदे तिरपे करावे लागतात, पण निघतो माणूस. बायको हौदात उभी होती.

"आता तू," मी म्हटलं.

"मी कायले?"

"पाहू दे मले."

तिने पदर खोचला, मागून आत उतरली, खोलीतून वाकत वाकत पुढे आली आणि त्या चौकोनातून तिचं डोकं वर आलं. मी हात पुढे केला.

"नीट धरा," ती म्हणाली, "नाही तं तुम्हीच आत पडान."

मी नीट धरला.